हजर राहू नये

नगरपालिकेच्या इमारतीत शिरलं की डाव्या हाताला जिना लागायचा, आणि त्या जिन्याखाली जी तिरपी जागा उरते तिथे खाडाखोडताईचं टेबल होतं. तिथे ताठ उभं राहिलं की डोकं आपटायचंच. म्हणून नव्या गिऱ्हाइकाला तिचं पहिलं वाक्य "डोकं सांभाळा" हे असायचं आणि दुसरं "कशाचा अर्ज?" हे. ज्यांना लिहिता येत नाही, येतं पण सरकारी कागद दिसला की हात कापायला लागतो, किंवा सगळं येतं पण सवड नाही, अशा सगळ्यांचे अर्ज ती लिहून द्यायची. नळजोडणीचा, नावातल्या दुरुस्तीचा, दुकानावर पाटी लावायचा, झाड तोडायचा, आणि आधीच तोडलेल्या झाडाबद्दल माफीचा. वीस वर्षं तिने दुसरं काही केलं नव्हतं.

नाव पडलं ते तिच्या एका खोडीमुळे. अर्जात निरर्थक रकाना दिसला की ती त्यावर सरळ काट मारायची. 'अर्जदाराच्या आजोबांचा व्यवसाय' – काट. 'यापूर्वी असा अर्ज केला नसल्यास का केला नाही?' – काट. वरचे कारकून चिडून अर्ज परत पाठवायचे, ती तोच अर्ज तसाच पुन्हा वर पाठवायची, आणि दोन-तीन फेऱ्या झाल्या की कारकून कंटाळून शिक्का मारायचे. लग्न का नाही केलंस असं कोणी विचारलं की म्हणायची, "तोही रकाना मी खोडलाय." विचारणारा हसायचा आणि विषय संपायचा. तिला खरंच हसू येत होतं की नाही, हे मात्र कोणी विचारलं नाही.

अशा बाईला 'आटोपशीर पक्ष' भेटला नसता तरच नवल. पक्ष काढला होता तिच्या शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या सरांनी, निवृत्त झाल्यावर. म्हणणं सोपं होतं. नगरपालिकेने पाणी द्यावं, कचरा उचलावा, दिवे लावावेत आणि एवढं झालं की लोकांच्या वाटेतून बाजूला व्हावं. सभासद अकरा, त्यांतला एक वारलेला, पण सभासदत्व रद्द करायला अर्ज लागतो आणि पक्ष अर्जांच्या विरुद्ध होता, म्हणून तो यादीत राहिला. पक्षाची सभा उभ्याने व्हायची, म्हणजे लांबत नाही. आणि एक कडक शिस्त होती: कोणताही ठराव आठ शब्दांपेक्षा मोठा नको. सर म्हणायचे, "आठ शब्दांत मावत नाही तो नियम नव्हे, ती कादंबरी."

लोक तिची टर उडवायचे. "ताई, बसल्या फांदीवरच कुऱ्हाड चालवताय. अर्ज बंद झाले तर खाणार काय?" ती म्हणायची, "माझं मी बघेन. तुमचे हेलपाटे तर वाचतील!" आणि ती हे मनापासून म्हणत होती, हे मी पैजेवर सांगतो. स्वतःच्या पोटावर पाय देऊन दुसऱ्याचं भलं करू पाहणारी माणसं थोडीच असतात, आणि ती बहुधा डोक्याला ताप होतात.

पण पक्षात जायचं खरं कारण सर नव्हते. कारण होतं बाबा.

बाबा, म्हणजे तिचे वडील, नगरपालिकेत छत्तीस वर्षं पाणी सोडायच्या कामावर होते. माणसाच्या उंचीची लोखंडी चावी खांद्यावर टाकून रस्तोरस्ती हिंडायचं आणि झाकण उघडून व्हॉल्व्ह फिरवायचा. पाइपाला कान लावून ते सांगायचे, पाणी आता कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत पोचलं. आई गेल्यावर घरात दोघंच उरली, बाबा आणि ती. निवृत्त कामगारांना पेन्शन चालू ठेवायची तर वर्षातून एकदा, ठरलेल्या दिवशी, कचेरीत जाऊन 'हयातीची हजेरी' द्यावी लागे. म्हणजे आपण जिवंत आहोत हे स्वतः जिवंतपणी जाऊन दाखवायचं. दुसऱ्या मजल्यावर, लाकडी बाकावर, नावाचा पुकारा होईपर्यंत बसून.

एके वर्षी बाबांचा गुडघा सुजला होता म्हणून ती त्यांना धरून वर घेऊन गेली. अठ्ठेचाळीस पायऱ्या, तीन वेळा थांबून. मग तीन तास बाकावर. पुकारा झाला, कारकुनाने शिक्का मारला आणि हसून म्हणाला, "पुढच्या वर्षी भेटू, आजोबा. असलात तर!" सगळा बाक हसला. बाबाही हसले. हिच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. त्या संध्याकाळी ती सरांच्या घरी गेली आणि पक्षाची सभासद झाली.

आता निवडणूक. पक्षाने हिलाच उभं केलं. तिच्या वॉर्डात दोन मोठ्या पक्षांनी दोन चुलतभाऊ उभे केले होते, आणि त्या भावांचं विहिरीच्या जागेवरून आधीच फाटलेलं होतं. एकमेकांची लफडी बाहेर काढता काढता दोघंही असे काही उघडे पडले, की लोकांनी तिसऱ्या नावावर शिक्का मारला. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. निकाल वाचून दाखवणारा अधिकारी चुकीची ओळ वाचतोय असंच तिला वाटलं. तिने हात वर करून सांगितलंसुद्धा, "साहेब, खालची ओळ वाचताय." साहेब म्हणाले, "खाली बसा, तुम्ही निवडून आलायत."

सभागृहात दोन्ही मोठ्या पक्षांचे दहा-दहा, आणि मध्ये ही एकटी. अध्यक्षपद तिच्या एका हातावर लटकत होतं. अध्यक्ष व्हायला निघालेले फर्निचरचे व्यापारी स्वतः चालत जिन्याखाली आले. ती "डोकं सांभाळा" म्हणेपर्यंत त्यांचं आपटून झालं होतं. कपाळ चोळत त्यांनी विचारलं, "बोला ताई, कोणती समिती हवी?"

"काही नको. एक गोष्ट काढून टाकायचीय."

"कोणाला?"

"कोणाला नाही हो. हयातीची हजेरी."

व्यापाऱ्यांना हा सौदा इतका स्वस्त वाटला की त्यांना संशयच आला. पण मान हलवून गेले.

ठराव तिनेच लिहिला. निवृत्त कामगारांनी दरवर्षी नगरपालिकेच्या कार्यालयात हजर राहण्याची गरज नाही. सरांनी बोट ठेवून मोजलं आणि म्हणाले, "नऊ."

"एकच जास्त आहे, सर."

"आज एक. उद्या शंभर. नगरपालिकेची सुरुवात अशीच झाली होती."

तिने पेन दाताखाली धरलं, विचार केला, आणि 'राहण्याची गरज नाही' खोडून 'राहू नये' केलं. आठ शब्द. सरांनी शाबासकी दिली. वाक्य कसं सुटसुटीत झालं होतं! जेवणाची वेळ झालेली असल्याने सभागृहाने तो ठराव न वाचता एकमताने मंजूर केला.

घरी येऊन तिने बाबांना सांगितलं. ते भाजी निवडत होते.

"कायमचं बंद?" त्यांनी विचारलं.

"कायमचं. आता जिने नाहीत, बाक नाही, काही नाही."

"मग मी आहे हे त्यांना कळणार कसं?"

"तुम्ही आहात असंच धरून चालणार, बाबा. म्हणजे... नसलात की मग मी कळवायचं."

बाबांनी दोन-चार देठ मोडले. "म्हणजे आता मेल्याशिवाय कोणी विचारणार नाही."

हे ते रागाने म्हणाले नाहीत. नवा नियम नीट समजून घ्यावा तसं म्हणाले. ती हसायला गेली आणि मध्येच थांबली. तिला वाटलं होतं ते खूश होतील. माणूस सुटला की खूश होतो, एवढं साधं गणित. ते कुठे चुकलं हे तिला कळेना.

मग हजेरीचा तो दिवस आला. सकाळी बाबांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, बूट पुसले.

"कुठे निघालात?"

"जरा बघून येतो."

ती आपल्या टेबलावर जाऊन बसली. दहाच्या सुमाराला दारात आवाज वाढला म्हणून डोकावली, तर बाहेरच्या पायऱ्यांवर सातआठ म्हातारी माणसं गोळा झालेली. सगळी आंघोळी-दाढी करून, जणू कोणाच्या लग्नाला आली आहेत. पुढे दिवाबत्तीवाले आजोबा, रस्त्यावरचे दिवे बदलण्यात ज्यांची हयात गेली ते. त्यांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे ते सगळ्यांच्या वतीने ओरडत होते. आणि दारात वॉचमन, हातात ठरावाची प्रत. मुख्याधिकाऱ्यांनी ती सकाळीच दारावर लावायला दिली होती, कारण एक दिवसाची कटकट वाचते म्हणून वरचे सगळे त्या ठरावावर बेहद्द खूश होते.

"आत सोड की!" दिवाबत्तीवाले ओरडले.

"आजोबा, मला काय हौस आहे का? हे वाचा. 'हजर राहू नये.' नये म्हणजे नये."

खाडाखोडताई धावत बाहेर आली. "अहो, त्याचा अर्थ तसा नाहीये!"

वॉचमनने कागदाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. "मग कसा आहे, ताई? लिहिलाय तर तुम्हीच."

तिने ते आठ शब्द पुन्हा वाचले. लोकांना मोकळं करायला निघालेल्या पक्षाचा पहिलावहिला ठराव, आणि निघाली काय, तर बंदी! एक शब्द वाचवायला गेली आणि बापालाच दाराबाहेर ठेवून बसली. आख्ख्या कचेरीत कागद नीट वाचते म्हणून जिची ख्याती, तिचं हे काम. करायला गेले गणपती अन् झाला मारुती, म्हणतात ते हेच.

"सोडा त्यांना आत. मी सांगते ना," ती म्हणाली.

"तुम्ही सांगत असाल तर सोडतो, मला काय," वॉचमन बाजूला झाला.

पण बाबा हलले नाहीत. "नको."

"बाबा, चला. तो सोडतोय."

"ठराव झालाय ना? मग तोंडी सांगून तो बदलत नसतो. छत्तीस वर्षं मला शेजारीपाजारी तोंडी सांगायचे, जरा अर्धा तास जास्त पाणी सोड. सोडलं असतं तर खालच्या गल्लीला थेंब मिळाला नसता." ते मागे वळले आणि कठडा धरून एक-एक पायरी उतरू लागले. मग बाकीचेही उतरले. दिवाबत्तीवाले शेवटपर्यंत विचारत राहिले, "काय झालं? काय म्हणतोय तो?"

त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिला सुचलं, की नुसता 'दरवर्षी' खोडला असता तरी आठच शब्द झाले असते आणि 'गरज नाही' जागेवर राहिलं असतं. बैल गेला नि झोपा केला. ती सरांकडे गेली. सरांनी मोजून पाहिलं, आठ भरले, ते म्हणाले, "ठीक आहे, ठेव पुढच्या सभेत." तिचा जीव भांड्यात पडला. घरी येऊन तिने बाबांना नवं वाक्य वाचून दाखवलं.

"गरज नाही," बाबा म्हणाले. "मग कोण येणार?"

"ज्याला यायचं तो येईल. हवं तर बागेत भेटा, तिथे तर जिनाही नाही."

"अगं, बागेत कोण येतंय! दिवाबत्तीवाल्याचं नि माझं दहा वर्षं बोलणं नाही. एका खांबावरून भांडण झालेलं. तो काय मला भेटायला येणार? हजेरी लागायची म्हणून यायचा, बाकावर जागा माझ्याच शेजारी मिळायची, मग दुपारपर्यंत बोलत बसायचा. संपलं की परत बोलणं बंद."

"म्हणजे तुम्हाला सक्तीच हवी होती?"

"मला कुठं काय हवंय. तू विचारलंस म्हणून सांगितलं."

बाकावर सगळे हसले होते तेव्हा बाबा का हसले, ते तिला आत्ता, इतक्या वर्षांनी, थोडं कळल्यासारखं झालं. अपमान तिला वाटला होता. त्यांना विनोदच वाटला होता.

आणि हे कळतंय न कळतंय तोच जिन्याखाली एक म्हातारी आली, रस्ते झाडून निवृत्त झालेली. तिने ताईचे दोन्ही हात धरले. "बाई, किती वर्षं मी त्या जिन्याला शिव्या देत होते. माझे गुडघे तुला आशीर्वाद देतायत बघ. कोणी काही म्हणो, तू ते परत चालू करू नकोस." ती गेल्यावर ताई बराच वेळ कोरा कागद पुढे घेऊन बसली. बंदी चूक होती. सक्तीही चूकच, म्हातारीचे गुडघे खोटे नव्हते. आणि मोकळीक दिली तर बाबांचा बाक रिकामा. तीनच तर पर्याय होते. वीस वर्षं लोकांना 'इथे सही करा, तिथे सही करा' सांगणाऱ्या बाईला आपली सही कुठे करायची ते समजेना.

तिने सरांना विचारलं, "सर, एखादा नियम वाईट असून चांगला असू शकतो का?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "भौतिकशास्त्रात तरी नाही," ते म्हणाले. पण त्यांचाही आवाज नेहमीसारखा ठाम नव्हता.

पुढच्या सभेत ती नवं आठ शब्दांचं वाक्य घेऊन उभी राहणार, तेवढ्यात विरोधी पक्षाच्या वकीलबाई उभ्या राहिल्या. त्यांना पायऱ्यांवरचा प्रकार कळला होता आणि अध्यक्षांना चिमटा काढायची संधी त्या सोडणाऱ्या नव्हत्या. त्यांचा ठराव चौदा ओळींचा होता. दर वर्षी नगरपालिकेने प्रत्येक निवृत्त कामगाराला नावानिशी पत्र पाठवून बोलवावं. हजेरी तळमजल्यावर घ्यावी. ज्याला यायचं त्याने अर्ज भरावा, ज्याला जमत नाही त्याच्या घरी माणूस जाईल. त्यासाठी एक नवा अर्ज, एक नवी वही आणि एक नवा कारकून.

चौदा ओळी! नवा अर्ज! नवा कारकून! मागे प्रेक्षकांच्या बाकावर सर बसले होते आणि नकारार्थी मान हलवत होते. मतं दहा-दहा पडली. सगळे तिच्याकडे बघायला लागले. आपण यातल्या कशावर विश्वास ठेवतो, हे तिने स्वतःला विचारून पाहिलं. फक्त कठडा धरून एक-एक पायरी उतरणारे बाबा दिसले. तिचा हात वर गेला. सरांकडे बघायची हिंमत तिला झाली नाही.

पक्षाने तिला त्याच आठवड्यात उभ्याउभ्या काढून टाकलं. ठराव पाच शब्दांचा होता. सर स्वतः तो द्यायला आले, जिन्याखाली वाकून उभे राहिले, "तुझं चुकलं असं मी म्हणत नाही," म्हणाले, "पण बरोबर होतं असंही मला म्हणता येत नाही." "मलाही नाही, सर," ती म्हणाली. मग दोघांनी चहा घेतला.

आणि पत्रं गेली. बाबांना त्यांच्या नावाचं पत्र आलं तेव्हा त्यांनी ते दोनदा वाचलं आणि खिशात ठेवलं. "आणा, अर्ज भरून देते," ती म्हणाली. "कचेरीचं काम कचेरीत," बाबा म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी जिन्याखालच्या रांगेत उभे राहिले. पुढे चार जण होते. तिने नंबर न लावता बोलावलं तर आले नाहीत.

नंबर आल्यावर ते समोर बसले. तिने त्यांचं नाव लिहिलं, पत्ता लिहिला, जसं काही ते तिला माहीत नव्हतंच.

"हजर राहण्याचं कारण?" तिने वाचलं.

बाबांनी विचार केला. "लिही, बाकीचे आहेत का ते बघायला."

तिने लिहिलं. सगळ्यात खाली साक्षीदाराची जागा होती. तिथे छापलं होतं, 'अर्जदारास मी समक्ष पाहिले असून ते हयात आहेत.' नगरसेवकाची सही चालत होती. एका छताखाली राहणाऱ्या बापाला काय बघायचं! तिने पेन टेकवलं.

"अगं, बघ आधी," बाबा म्हणाले. "न बघता सही करायची नसते."

तिने मान वर केली. शर्टाची कॉलर त्यांच्या गळ्याला इतकी सैल कधीपासून व्हायला लागली होती? उजवा डोळा पाण्याने भरून येत होता आणि ते तो पुसतही नव्हते, म्हणजे सवय झाली असणार. गालावर दाढीचा एक पट्टा तसाच राहिला होता, दिसला नसेल. वर्षभर ती यांच्यासाठी भांडली, यांच्यासाठी निवडून आली, यांच्यासाठी पक्षातून गेली, आणि रोज सकाळ-संध्याकाळ यांच्याच समोर बसून जेवली होती. यातलं एकही तिने पाहिलं नव्हतं.

मागच्या माणसाने खाकरून विचारलं, "ताई, झालं का?"

"थांबा जरा," ती म्हणाली, "मी बघतेय."